दिवे लुकलुकतात? बल्बआधी न्यूट्रल तपासा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पाऊस जोर धरू लागला की वाचकांच्या पत्रांत विजेची गाऱ्हाणी हमखास दिसतात. दिवे लुकलुकतात, संध्याकाळी ट्यूब पेटत नाही, पंप लावला की सगळे घर काळवंडते. गाऱ्हाणी खरी असतात. पण शेजारीपाजारी त्यावर दोन उपाय ठरलेले सांगतात, बल्ब बदला आणि स्टॅबिलायझर घ्या. पहिला कधीमधी लागू पडतो, दुसऱ्यात बहुधा पैसे जातात. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आहे. गणपतीवर बांधलेल्या माटोळीभोवती माळा चढतील, मुंबई-पुण्याची माणसे घरी येतील, गिझर आणि मिक्सर दिवसभर चालतील, आणि वर्षभर कसाबसा तग धरलेला एखादा सांधा नेमका त्याच आठवड्यात दगा देईल. त्याआधी घर तपासून घ्यावे म्हणून हे पत्र.

एक लक्षण सर्वांत आधी सांगतो, कारण ते दिसल्यावर विचार करत बसायला वेळ नसतो. काही दिवे मंद झाले, त्याच वेळी दुसरे नेहमीपेक्षा लख्ख झाले, पंखा भरधाव फिरू लागला, तर कारण शोधू नका. सरळ मेन स्विच खाली करा. ही न्यूट्रल, म्हणजे वीज परत जाण्याची तार, तुटल्याची किंवा सैल झाल्याची खूण आहे. रस्त्यावरच्या लाईनवर तीन फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या तारा, आणि एक न्यूट्रल असतो. आपल्याला एक फेज मिळते, शेजाऱ्याला दुसरी. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्ट असतात, पण दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट. लाईनवरचा न्यूट्रल गेला की आपले आणि शेजाऱ्याचे घर त्या ४०० व्होल्टवर सिरीजमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ एक, जोडले जाते, आणि ज्याचा लोड कमी त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शेजारी २००० वॅटचा गिझर चालू आहे आणि आपल्याकडे १०० वॅटचे दिवे-पंखे आहेत असे धरले, तर आपल्याकडे ३८० व्होल्ट येतात. फ्रीजचे कार्ड, सेट-टॉप बॉक्स, वायफायचा राउटर काही क्षणांत जळतात. एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, हे अडवत नाही. तो करंट वाढला तर पडतो, व्होल्टेज वाढले म्हणून नव्हे.

थ्री-फेज कनेक्शन असलेल्या घरात हाच प्रकार घरातल्या घरात होतो. मेन बोर्डावरच्या न्यूट्रलचा एक स्क्रू सैल झाला तरी पुरे. सिंगल-फेज घराचा स्वतःचाच न्यूट्रल सुटला तर मात्र व्होल्टेज वाढत नाही, सगळे बंद पडते. पण बटण चालू राहिलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेज त्या मेलेल्या न्यूट्रल वायरीत उतरलेली असते. ‘लाईट गेलीय’ म्हणून बोर्डात हात घालणाऱ्याला शॉक बसतो तो असा.

यावर खरा इलाज म्हणजे मेन बोर्डात बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. व्होल्टेज २७० च्या आसपास चढले किंवा १७० च्या आसपास उतरले की तो घराची वीज तोडतो आणि पुरवठा सुधारला की थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. घराच्या मंजूर लोडला पुरेल असा, ४० किंवा ६३ अँपिअरचा घ्यावा. स्टॅबिलायझरवर खर्च करण्यापेक्षा हा कधीही बरा.

इतके भयंकर काही नसेल तेव्हा दोनच प्रश्न विचारायचे: किती दिवे लुकलुकतात, आणि कशाबरोबर? बराचसा तपास तिथेच संपतो.

एकच दिवा लुकलुकत असेल तर तो काढून दुसऱ्या खोलीतल्या होल्डरमध्ये लावा. दोष दिव्याबरोबर गेला तर दिवाच खराब. एलईडी बल्बच्या पोटात एक छोटा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला लागेल तशी वीज करून देणारे सर्किट, असतो आणि त्यातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकत जातो. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात किंवा फॉल्स सीलिंगच्या आत लावलेले दिवे उघड्या होल्डरमधल्यांच्या आधी मिचमिचू लागतात. अगदी स्वस्त बल्बांत हा कपॅसिटर नसतोच. त्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना कळत नाही, पण मोबाईलचा कॅमेरा जवळ धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावर असा बल्ब नको.

दिवा बदलूनही दोष जागच्या जागी राहिला तर होल्डर पाहायचा. पूर्वीच्या १०० वॅटच्या बल्बांनी तापून पिन होल्डरच्या स्प्रिंगा नरम झालेल्या असतात, आणि एलईडीच्या बुडाचे सोल्डरचे ठिपके चपटे असले की ते नीट टेकत नाहीत. कांदोळी-कळंगुटपासून कोलवा-बाणावलीपर्यंतच्या किनारी घरांत खाऱ्या हवेने पितळेवर हिरवा थर चढतो, तो वेगळाच. हा थर पॉलिश पेपरने घासायची पद्धत आहे. चार दिवस बरे चालते, मग मुलामा गेलेल्या जागी गंज आणखी लवकर धरतो. होल्डर नवा घालावा.

जुना ट्यूबलाइट, म्हणजे तांब्याचा चोक आणि स्टार्टरवाला, लुकलुकत असेल तर आधी स्टार्टर, मग ट्यूबची काळी पडलेली टोके. पण आता त्यावर खर्च करू नये. पट्टी उतरवून १८ किंवा २० वॅटची एलईडी बॅटन लावावी.

बटण बंद असतानाही एलईडी मंद तेवतो किंवा दर काही सेकंदांनी चमकतो, अशी विचारणा फार होते. भुताटकी नाही. बटणात छोटा इंडिकेटर दिवा असेल तर त्यातून झिरपणारा करंट ड्रायव्हरचा कपॅसिटर हळूहळू भरतो, तो भरला की दिवा चमकतो. जिन्याच्या टू-वे स्विचच्या लांब वायरी शेजारी-शेजारी धावत असल्या तरी हे होते. पण तिसरे कारण गंभीर आहे, बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असणे. अशा वेळी बटण बंद असले तरी होल्डरमध्ये फेज हजर असते आणि बल्ब बदलणाऱ्याचे बोट तिथेच जाते. वायरमनकडून बटण बंद ठेवून होल्डर तपासून घ्या. टेस्टर निव्वळ शेजारच्या वायरीमुळेही पेटतो, म्हणून खात्री मल्टिमीटरने किंवा टेस्ट लॅम्पने करायची.

एका खोलीतले किंवा एका बोर्डावरचेच दिवे नाचत असतील तर दोष बहुतेक त्या बोर्डात असतो. टेस्टर आधी चालू प्लगवर तपासून, मग मेन बंद करून आणि तो बोर्डावर लावून, पट्टी उघडायची. प्रत्येक वायर दोन बोटांनी हलकेच ओढून पाहायची. सुटून आलेल्या वायरीचे टोक काळे पडलेले असेल तर चकचकीत तांबे दिसेपर्यंत मागे कापायचे, एक-दीड सेंटिमीटर नव्याने सोलायचे, टर्मिनल मोठे आणि वायर बारीक असेल तर टोक दुमडून दुहेरी करायचे, स्क्रू घट्ट करून पुन्हा ओढून पाहायचे. बाहेरचे प्लास्टिक कडक होऊन तडकत असेल तर तेवढा तुकडा बदलायला हवा. बटणाचे टर्मिनल पिवळट-तपकिरी झाले असेल तर बटणही. जळणाऱ्या बटणाला सुक्या मासळीसारखा वास येतो. आपल्याकडे तो वास स्वयंपाकघरातून आला असे समजून सोडून दिला जातो. स्वयंपाकघर बंद असताना आला तर बोर्डाजवळ जाऊन हुंगावे. पावसात बोर्डात मुंग्या वारूळ करतात, पाली शिरतात. वायरीसाठी पाडलेली मोकळी भोके बुजवून टाकावीत.

सैल सांध्याला लोक ‘जरा लूज आहे’ म्हणून हसण्यावारी नेतात, म्हणून हिशेबच देतो. सांध्यात अर्धा ओहम रोध निर्माण झाला आणि त्यातून १० अँपिअर गेले, तर तिथे ५० वॅट उष्णता होते. सोल्डरिंगच्या आयर्नला २५ वॅट पुरतात. ही ५० वॅट चण्याएवढ्या जागेत, लाकडी पट्टीवर किंवा जुन्या कापडी वायरीशेजारी, तासन्‌तास साठत राहते. जुन्या कौलारू घरांत लाकडी बॅटनवरचे वायरिंग अजून आहे, त्यात ॲल्युमिनियमची तार आहे, आणि माळ्यावर कुठेतरी तिला तांब्याची वायर पिळून टेप मारलेला आहे. या दोन धातूंचा सांधा दमट हवेत स्वतःहून सडतो. शिवाय ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून पातळ होते आणि घट्ट केलेला स्क्रू पुन्हा सैल पडतो. तिथे टेप चालत नाही, दोन धातू जोडण्यासाठीचा बायमेटॅलिक लग किंवा कनेक्टरच हवा. खरे तर सगळे वायरिंगच बदलायला हवे: दिव्यांना १.५ एमएम (वायरमनच्या भाषेत एमएम म्हणजे चौरस मिलिमीटर), प्लगना २.५ एमएम, गिझर आणि एसीला ४ एमएम तांबे.

सगळे घरच मंद होत असेल तर मोजमापाशिवाय बोलण्यात अर्थ नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर घ्या, एसी व्होल्टच्या ६०० किंवा ७५० च्या रेंजवर ठेवा आणि मीटर बोर्डाच्या अगदी जवळच्या प्लगमध्ये मोजा. घरातला मोठा लोड बंद असताना आकडा लिहा, मग २००० वॅटचा गिझर चालू करून पुन्हा लिहा. हा गिझर जवळजवळ ८.७ अँपिअर घेतो. आकडा चार-पाच व्होल्टने उतरला तर ठीक. आठ-दहाने उतरला तर खांबावरून घरात येणारी सर्व्हिस वायर, मीटर आणि मेन स्विच यांच्यात कुठेतरी सांधा खराब आहे. २३२ चे २१० झाले तर त्या वाटेत अडीच ओहम रोध बसला आहे. दुरुस्ती त्याच दिवशी करून घ्यावी.

मग हीच चाचणी लांबच्या खोलीत, लोडही तिथेच लावून करा. १५ मीटर लांब, २.५ एमएमच्या चांगल्या वायरीत एवढ्या करंटला जेमतेम दोन व्होल्ट पडतात. मेनजवळ चार आणि खोलीत चौदा पडत असतील तर जास्तीचे आठ व्होल्ट मधल्या एखाद्या जंक्शन बॉक्सात जळत आहेत. गिझर नसेल तर १००० वॅटची इस्त्री चालेल. आकडे निम्मे धरायचे. न्यूट्रल आणि अर्थ (जमिनीत जाणारी तार) यांच्यामध्येही मोजावे. दोन-तीन व्होल्ट असतातच, पण लोड टाकल्यावर ते दहा-पंधरावर गेले तर दोष फेजच्या नव्हे, न्यूट्रलच्या वाटेवर आहे. वायरमनचा निम्मा वेळ हा एक आकडा वाचवतो, अर्थात अर्थिंग जिवंत असेल तर.

इथे एक गंमत लक्षात ठेवावी. चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी व्होल्टेज बरेच उतरले तरी तेवढाच उजेड देतो. सगळ्या घरात असे दिवे असतील तर दोष दिसतच नाही, तो फ्रीज आणि पंप सोसतात. तपासणीपुरता ६० वॅटचा जुना तारेचा बल्ब बाळगावा. त्याचा उजेड व्होल्टेज चार टक्के पडले तरी बारा-तेरा टक्के उतरतो आणि डोळ्यांना लगेच कळतो.

पंपाचे गणित बरेचदा उलटे मांडले जाते. १ एचपीचा सिंगल-फेज पंप चालताना सहा-सात अँपिअर घेतो, पण सुरू होताना क्षणभर ३५ च्या घरात जातो. कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, विहिरीपर्यंत ४० मीटर १.५ एमएम वायर ओढली असेल तर तेवढ्या क्षणी एकट्या त्या वायरीत ३० व्होल्टहून अधिक पडतात. पंप कण्हतो, कपॅसिटर फुगतो, शेवटी वाइंडिंग जळते. पण त्यामुळे घरातले दिवे मंद होत नाहीत! दिवे मंद होतात ते पंप आणि दिवे यांच्या सामाईक वाटेतल्या, म्हणजे खांबापासून मेनपर्यंतच्या पडझडीने. ती वाट ४० मीटर आणि १० एमएम ॲल्युमिनियमची असेल तर नऊएक व्होल्ट पडतात, पापणी लवते न लवते तोच दिवे सावरतात. ४ एमएम असेल तर वीस पडतात. म्हणून पंपाची वायर ४ एमएम करून पंप सुधारतो, दिवे नाही. दिव्यांसाठी सर्व्हिस वायर जाड हवी. दिवे तीन-चार सेकंद दबून राहत असतील तर मात्र पंपच उठत नाही असे समजा आणि कपॅसिटर मोजून घ्या. त्यावर छापलेल्या आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदला. फ्रीज सुरू होताना दिवा किंचित दचकतो, त्याची काळजी नको.

वाऱ्याबरोबर दिवे नाचत असतील तर घरात काही उघडूच नका. खांबावरचा जंपर, म्हणजे जोडतार, किंवा घराच्या भिंतीवरचा सर्व्हिस वायरीचा सांधा हलतो आहे, किंवा माडाचे चुडत लाईनला घासते आहे. अंधारात अंगणातून पाहिले तर सांध्याशी निळसर ठिणगी दिसते. पाऊस पडू लागताच त्रास सुरू होऊन थांबला की जात असेल तर सांध्यात किंवा पाइपमध्ये पाणी शिरते आहे. सर्व्हिस वायर पाइपमध्ये शिरण्याआधी तिला खाली झुकता वळसा हवा, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकून जाते. हा वळसा नसलेली घरे जागोजागी दिसतात. खांबावर चढणे, बांबूने वायर ढोसणे हे कोणीही करू नये. आणि शिडीवर उभे राहून चुडत ओढणे तर मुळीच नको, आजकाल घरात ॲल्युमिनियमचीच शिडी असते.

दोन जुन्या सवयी सोडायला हव्यात. पहिली, न्यूट्रलमध्ये फ्यूज. पोर्सेलीनच्या जोडफ्यूजचे बोर्ड अजून दिसतात, त्यातला न्यूट्रलचा फ्यूज आधी उडाला की दिवे जातात आणि बोर्ड मात्र जिवंत राहतो. नियमाने न्यूट्रलमध्ये फ्यूज चालत नाही. तिथे लिंक, म्हणजे न वितळणारी पट्टी, हवी आणि फेजसोबत एकदमच तुटणारा डबल-पोल स्विच. दुसरी सवय अधिक वाईट: न्यूट्रल खराब झाला की अर्थच न्यूट्रल म्हणून जोडून देणे. दिवे झकास लागतात, वायरमन पैसे घेऊन जातो. पण अर्थिंगचा रोध १० ओहम धरला आणि ५ अँपिअर गेले तरी फ्रीजच्या, वॉशिंग मशीनच्या आणि नळाच्या धातूवर ५० व्होल्ट चढतात. जांभ्या दगडाच्या जमिनीत एप्रिल-मे महिन्यांत हा रोध याहून किती तरी जास्त असतो. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो लगेच पडतो, आणि मग ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून लोक तोच काढून टाकतात.

राहिला संध्याकाळचा मंदपणा. रोज सातपासून दहापर्यंत सगळ्या वाड्यावरचे दिवे उतरत असतील तर दोष तुमच्या घरात नाही. ट्रान्सफॉर्मर किंवा लाईन लोडला पुरत नाही. स्टॅबिलायझर यात उजेड निर्माण करत नाही. तो खालच्या व्होल्टेजला जास्त करंट ओढतो, लाईन आणखी दबते आणि शेजाऱ्याचे उरलेसुरले व्होल्ट आपल्याकडे येतात. आठ घरांनी आठ घेतले की सगळेच मूळपदावर. सैल सांध्यावर तर स्टॅबिलायझर म्हणजे जास्त करंट, म्हणजे जास्त उष्णता.

अशा वेळी तक्रारच करावी, पण आकड्यांसह. २३० व्होल्टच्या पुरवठ्यात सहा टक्के वर-खाली चालते, म्हणजे साधारण २१६ ते २४४. सलग काही दिवस संध्याकाळी सात, नऊ आणि अकराला मोठा लोड बंद ठेवून मोजा, तारीख-वेळ घालून लिहा. शेजारच्या दोन घरांचे आकडेही घ्या. १९१२ वर फोन करताना ग्राहक क्रमांक, जवळच्या खांबाचा क्रमांक, किती घरांना त्रास आहे आणि तो वाऱ्याबरोबर होतो की ठरावीक वेळी, एवढे सांगा आणि तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ‘लाईट फडफडते’ एवढ्यावर लाईनमनला कुठली शिडी कुठे लावायची ते कळत नाही. मीटरचे आणि त्याआधीच्या कट-आऊटचे, म्हणजे मुख्य फ्यूजचे, सील मात्र कोणाच्याही सांगण्यावरून उघडू देऊ नका. तुटलेले सील दिसले की मूळ तक्रार बाजूला पडते आणि चौकशी तुमचीच सुरू होते.

आपला,
एक परवानाधारक वायरमन, फोंडा